हात देणं म्हणजे मदत की दगा?

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड. इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट पाठ आहेत, तरी वाक्यात वापरताना चुकतात. काय करावं?
– एक पालक, खानापूर

उत्तर : पाठांतर पुरेसं झालेलं आहे. अडचण अशी, की एका भाषेतली रूढी दुसरीत चालेलच असं नाही. मराठीत हात दिला म्हणजे मदत केली. कन्नडमध्ये 'कै कोट्टा' म्हणजे ऐन वेळी दगा दिला. इंग्रजीत 'गिव्ह मी अ हँड' ही मदतीची मागणी, पण 'गिव्ह हर अ बिग हँड' म्हटलं की टाळ्या वाजवायच्या! सुईला मराठीत नाक असतं, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत डोळा.

जिथे मराठी-कन्नड जुळतात तिथे जास्त जपावं. 'डोकं खाऊ नकोस' आणि 'तले तिन्नबेड' यांचा अर्थ एकच, म्हणून मुलं 'डोन्ट ईट माय हेड' बेधडक लिहितात. आपल्याकडे बोलताना ते समजतं, उत्तरपत्रिकेत नको. इंग्रजीत 'बाइट समवन्स हेड ऑफ' आहे, पण त्याचा अर्थ एखाद्यावर खेकसणं.

इथे आपल्या काव्यशास्त्रातली लक्षणा, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेणं, फार कामाची आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तिच्या तीन अटी सांगितल्या: मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचं नातं हवं, आणि मागे रूढी किंवा हेतू हवा. 'ही स्पिल्ड द बीन्स अबाउट द वेडिंग' हे वाक्य तपासा. विषय लग्नाचा, शेंगा-बियांचा नाही. मूळ अर्थ अडला. सांडणं आणि गुपित बाहेर पडणं, हे नातं दिसतं. पण बीन्सच का? ती रूढी. म्हणून तिथे 'राइस' घालता येत नाही.

वहीत नुसता अर्थ लिहू नये. प्रत्येक वाक्प्रचाराचं पूर्ण वाक्य, त्यात काय बदलतं, काय बदलत नाही आणि तो कुठे वापरू नये, एवढं लिहावं. 'किक द बकेट' म्हणजे मरणं. काळ बदलून 'किक्ड' होतं, पण 'बकेट'च्या जागी 'पेल' (तीही बादलीच) चालत नाही. कर्मणी करून 'द बकेट वॉज किक्ड' लिहिलं, तर कुणी खरीच बादली लाथाडली असं वाटतं. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' मात्र चालतं. प्रत्येकाची चाल निराळी, म्हणूनच ही नोंद हवी. आणि 'किक द बकेट' सांत्वनाच्या पत्रात कधीही नको, ते थट्टेखोर वाटतं. आठवड्याला असे पाचच करा, पण पाचही स्वतःच्या वाक्यात.

प्रश्न : वाक्यात 'लाइक' किंवा 'ॲज' आलं की सिमिली (उपमा) समजायची का?
– एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : नाही. 'आय लाइक टी'मध्ये 'लाइक' क्रियापद आहे. 'शी लुक्स लाइक हर मदर' ही तुलना खरी, पण मायलेकी एकाच प्रकारच्या, दोघी माणसंच. तो अलंकार नव्हे. 'हिज हँड्स वेअर लाइक आइस'मध्ये हात आणि बर्फ या भिन्न गोष्टी आहेत, म्हणून ती सिमिली. 'लाइक' काढून 'हिज हँड्स वेअर आइस' म्हटलं की मेटाफर, आपलं रूपक.