वाढत्या गावासाठी शाश्वत वाहतूक आणि स्थानिक सुविधांचं नियोजन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की गाव सोलापूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, प्लॉटिंग जोरात पडतंय, एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं वाढलीत, आणि आराखड्यात सायकल ट्रॅक, ई-रिक्षा, सोलर दिवे घ्यावेत का. एवढ्या लांबलचक प्रश्नात एसटी हा शब्द एकदाही नाही. म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

गाडी गावात येते का, आणि आली तर वळते कुठं, हे ठरल्याशिवाय बाकीचं काही आराखड्यात घालू नका.

मी महिला राखीव जागेवरून एक टर्म ग्रामपंचायतीत होते. मीटिंगला स्वतः जायची, रजिस्टर सहीला घरी मागवायची नाही. एवढ्यावरूनच निम्मे लोक नाराज. आमचं गाव पुणे रस्त्यापासून तीनेक किलोमीटर आत. पूर्वी मुक्कामी गाडी होती, मग सकाळची तेवढी राहिली, मग तीही फाट्यावरनंच परत फिरायला लागली. सगळे डेपोला शिव्या घालायचे. मी फाट्यावर ड्रायव्हरलाच गाठलं. तो म्हणाला, "मावशी, आणायला काय, आणतो की. पण वळवू कुठं? पारापाशी चार वेळा मागं-पुढं करावं लागतंय. मागं लेकरं खेळत्यात, एका बाजूला गटार उघडी. कुणी चाकाखाली आलं तर मी घरी बसायचं का?"

त्याचं काय चुकलं? अकरा-बारा मीटरची गाडी रिव्हर्स न घेता वळवायची तर चोवीस-पंचवीस मीटर मोकळी जागा लागते. अशी जागा गावात एकच उरली होती, जुन्या चावडीच्या मागं. शिपायाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मी ती मोजली. कोंडवाड्याची पडकी भिंत काढली की गाडी आरामात वळत होती.

नेमके तिथंच आमच्या चुलत भावजींना गाळे बांधायचे होते. भावजी तेव्हा उपसरपंच. भर मीटिंगमध्ये म्हणाले, "वहिनी, गाळ्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतंय. बस तुम्हाला काय देणार?" सगळे हसले. मी म्हणाले, बारावीपर्यंतच्या पोरींना पास फुकट आहे, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. सरकार एवढं द्यायलंय आणि घ्यायला आपल्या गावात गाडीच नाही. ठराव गाळ्यांचा झाला. पुढं वेशीला स्वागत कमान पण आली, नावांच्या यादीसकट. त्या यादीत माझं नाव घालू नका म्हणून मी लेखी दिलं होतं. तरी घातलं.

आता गाळ्यांत एक खताचं दुकान, एक मोबाईलवाला, बाकीची शटरं बंद. पोरं हप्त्यावर गाड्या घेऊन एमआयडीसीला जातात, पोरी वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, दारात अर्ध्या बाहेर. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांचं कॉलेज बंद. भाड्याचा हिशोब मांडताना हा खर्च कोण धरतं?

आता तुमचं. रस्त्याची मागणी करायच्या आधी रस्ता कुणाचा ते बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे. गावातले रस्ते ग्रामपंचायतीच्या नमुना 23 ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, चढलेत का तेही बघा. नोंदच नसेल तर अतिक्रमण काढायला गेल्यावर तुम्हीच खोटे पडता. वित्त आयोगाच्या पैशातला ठरावीक भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, म्हणून सांडपाण्याची कामं त्यात बसवा आणि मोकळा भाग कमानीत घालवू नका.

गटार आधी, काँक्रीट नंतर. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम नीट न दाबता ओतलेला सिमेंट रस्ता दोन पावसाळ्यांत फुटतो. मग फुटक्यावरच नवा थर. रस्ता वर, उंबरे खाली, आणि पाऊस थेट चुलीपर्यंत. जुना थर खरवडून काढायची अट अंदाजपत्रकातच घालून घ्या, तोंडी सांगितलेलं ठेकेदार ऐकत नाही.

प्लॉटिंगवाल्यांकडून रस्त्याची रुंदी आत्ताच घ्या. एकदा गुंठ्या-गुंठ्यावर घरं उभी राहिली की पुढं ना गाडी जाईल ना अग्निशमनचा बंब.

सायकल ट्रॅक वगैरे सोडा. फाट्यापर्यंतच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून दाबून घ्या आणि कडुलिंब लावा. एप्रिल-मेच्या 42-43 डिग्रीत सावलीशिवाय ट्रॅकवर कुत्रंसुद्धा जाणार नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गावातनं न जाता बाहेरच्या रस्त्यानं काढा. सोलर दिवे घ्या, पण बॅटरी बदलायचा खर्च आराखड्यात नसेल तर नुसते खांब उरतात. ई-रिक्षाला माझी ना नाही. फाट्यापर्यंत चालेल. एसटीच्या जागी नको.

आता एक-दोन गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. तुमचं गाव हायवेला चिकटूनच असेल तर वळायच्या जागेचा प्रश्न नाही, तुमचा प्रश्न रस्ता ओलांडायचा आणि सर्व्हिस रोडचा. आणि जागा केली म्हणजे गाडी लगेच येते असंही नाही. शाळा-कॉलेजच्या वेळा आणि पासवाल्या मुलांची यादी जोडून ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकाला द्यावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो.

गावठाणात जागाच उरली नसेल तर कुणाकडून तरी मागून घ्या, पण नोंदणीकृत बक्षीसपत्र करूनच. तोंडी दिलेली जागा पुढची पिढी परत घेते. आमच्याकडं शाळेची वाट अशीच गेली. बांध कुणाचा होता ते भावजींना विचारा, ते पण या साईटवर असतात.