मराठी वस्ती, मग मते कुठे जातात?

प्रश्न : आमच्या गल्लीत बहुतेक घरं मराठी. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीसाठी आजोबा तुरुंगात गेले. तरी समितीचा उमेदवार पडतो. असं का? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : मीही अनगोळचाच, त्यामुळे हे दुखणं घरचं आहे. आमच्याकडे वडील अजून १ नोव्हेंबरला, बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं त्या दिवशी, काळा दिवस पाळतात, आणि धाकटा भाऊ कमळाचं बटण दाबून येतो. एकाच ताटात जेवतात दोघं!

खरं सांगू? आपणच घालवली. २०१३ ला कर्नाटक विधानसभेत समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही. त्या वेळी समितीचे दोन गट एकमेकांसमोर उभे. माझ्या दारात एकाच दिवशी दोघांची पत्रकं पडली, दोन्हींवर शिवरायांचं चित्र. आईनं विचारलं, "ह्यातली खरी कुठली रे?" काय सांगणार?

शिवाय राष्ट्रीय पक्षांचे लोकही आता दारात येऊन मराठीतच बोलतात. यंत्रमागावर बसणाऱ्याला विजेचं बिल आधी दिसतं, सीमाप्रश्न नंतर. खटला तर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत पक्ष चिन्हांवर उतरले आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने नेल्या.

पण ओढ मेली म्हणू नका. त्याच वर्षी लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली. माझ्या भावाचंही त्यात होतं, असा मला संशय आहे. विचारलं तर हसतो फक्त.