सुट्ट्यांत पेशंट बिघडू नयेत म्हणून सुट्ट्यांच्या आधी काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लिनिक सुरू करून फार दिवस झालेले नाहीत, नेहमीचे पेशंट बहुतेक शुगर, बीपी, हृदय आणि दम्याचे. सणासुदीच्या सुट्ट्या संपल्या की त्यातले बरेच जण बिघडलेली रीडिंग घेऊन येतात. मग 'जपून खा, चालायला जा' याच्या पलीकडे आपण काय करू शकतो? मी बरीच वर्षं फॅमिली प्रॅक्टिस करतो आहे आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, खाण्यावरचा भर जरा कमी करा. गोड, तळलेलं, खारट याचा परिणाम होतोच, पण पेशंटला ते तुमच्याइतकंच ठाऊक असतं. सुट्ट्यांत ज्यांना खरोखर अॅडमिट करायची वेळ येते, त्यांच्या बाबतीत मला वारंवार तीन गोष्टी दिसल्या आहेत: औषध संपलं किंवा चुकलं, जेवणाझोपेच्या वेळा पार विस्कटल्या, आणि त्रास सुरू झाल्यावरही 'आत्ता नको, सुट्टी झाली की दाखवू' म्हणत अंगावर काढलं. या तिन्हींवर सुट्ट्यांच्या दोन-तीन आठवडे आधी काम करता येतं. सुट्टी एकदा सुरू झाली की आपल्या हातात फार थोडं उरतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. अमेरिकेतल्या 1973 ते 2001 या काळातल्या मृत्यूंच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास वर्षातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त आढळले, आणि ही वाढ हॉस्पिटलमध्ये पोचण्याआधीच किंवा इमर्जन्सी विभागातच दगावलेल्यांमध्ये जास्त ठळक होती. लोक उशिरा येत असावेत, हे संशोधकांनी सुचवलेल्या संभाव्य कारणांपैकी एक. स्वीडनमध्ये 1998 ते 2013 दरम्यानच्या पावणेतीन लाखांहून जास्त हार्ट अटॅकच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नाताळच्या आदल्या दिवशी धोका सुमारे 37 टक्क्यांनी वाढलेला दिसला, तोही रात्री दहाच्या आसपास सर्वाधिक. पंच्याहत्तरीच्या पुढचे, मधुमेही आणि आधीपासून हृदयविकार असलेले यांच्यात ही वाढ जास्त होती. म्हणजे तुमच्या रजिस्टरमधली हीच मंडळी.

रात्री दहाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. घर माणसांनी भरलेलं, सगळे हसतखेळत बसलेले, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या छातीवर दडपण आलंय. तो बोलत नाही. आपल्यामुळे सगळ्यांच्या आनंदावर विरजण पडेल ही एक भीती, आणि जेवण जड झालं असेल, गॅस असेल, ही स्वतःची समजूत. म्हणून मी अशा पेशंटला सुट्टीआधी बोलावतो तेव्हा सोबत घरच्या एकाला आणायला सांगतो आणि दोघांसमोर स्पष्ट बोलतो: छातीत दडपण, दरदरून घाम, दम लागणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, मला फोन लावत बसायचं नाही, थेट अॅम्ब्युलन्स. आणि पेशंटला आणखी एक वाक्य आवर्जून सांगतो: 'तुम्ही सांगितलंत म्हणून कुणाची सुट्टी बिघडत नाही, न सांगितल्याने बिघडते.' हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं असलं की त्या रात्री बोलण्याचा संकोच कमी होतो.

आता औषधं. मी सुट्टीआधीच्या व्हिजिटला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो. यादी नको, पिशवीच. ती टेबलावर रिकामी करा आणि एकेक पाकीट हातात घेऊन 'ही कशाची, कधी घेता' असं विचारा. एका बाईंच्या पिशवीत अॅम्लोडिपिनच्या (बीपीची गोळी, जिने पायाला सूज येऊ शकते) दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या पट्ट्या निघाल्या, दोन्ही निम्म्या संपलेल्या. एक माझी, एक दुसऱ्या डॉक्टरांची. पायाला सूज का येते म्हणून त्या वेगळी गोळी मागत होत्या. अशा गोष्टी नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर नजर टाकून कळत नाहीत.

साठा सुट्टी संपेपर्यंतचा नको, त्यापुढे निदान आठवडाभर पुरेल इतका हवा. प्रवास लांबतो, दुकानं बंद असतात, पहिल्या दिवशी तुमच्याकडेही गर्दी असते. एखादा दिवस चुकला तर काय, हा प्रश्न पेशंट विचारतातच, आणि त्याचं उत्तर सगळ्या औषधांना सारखं नाही. थायरॉक्सिन एक दिवस राहिलं तर फारसं बिघडत नाही, ते शरीरात बरेच दिवस टिकतं. पण रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी) एकदम तुटला तर छातीत दुखणं उलटू शकतं, बीपीचं क्लोनिडिन तुटलं तर बीपी उसळतं, आणि फिट्सच्या गोळ्या चुकल्या, त्यात जागरण आणि दारूची भर पडली, की फिट येण्याला सगळं अनुकूल होतं. पेशंटच्या कागदावर अशी 'अजिबात न चुकवायची' औषधं वेगळ्या रंगाने गोल करून द्या.

गोळ्यांचा डबा कुठे ठेवायचा, हेही सांगा. सुट्टीत घरात लहान मुलं येतात आणि आजी-आजोबांचा डबा जेवणाच्या टेबलावर उघडा असतो. सल्फोनिलयुरियाची (मधुमेहाच्या गोळ्यांचा एक गट) एक गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीला खाली नेऊ शकते. डबा उंचावर, बंद कपाटात. पाहुण्यांच्या पर्समधल्या आणि बॅगेतल्या औषधांनाही हाच नियम.

साखरेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सुट्टीत साखर वाढेल या काळजीत आपण असतो, पण तातडीचा धोका बऱ्याचदा साखर कमी होण्याचा असतो. विशेषतः जी व्यक्ती घरात सगळ्यांसाठी रांधते तिच्या बाबतीत. तिने नेहमीच्या वेळेला इन्सुलिन घेतलेलं असतं, मग वाढप, आणखी दोन माणसं येतात, आणि ती स्वतः दोन तासांनी ताटावर बसते. तोवर हात थरथरतात, घाम येतो, आणि तिला वाटतं दमल्यामुळे होतंय. अशा पेशंटला नुसतं 'वेळेवर जेवा' सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या दिवशी तिची वेळ तिच्या हातात नसते. त्याऐवजी सांगा: जेवणाआधीचं जलद इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं, त्याआधी नाही. सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याने जेवण लांबणार असेल तर मधे काहीतरी खाऊन घ्यायचं. साखर 70 च्या खाली गेली किंवा तशी लक्षणं वाटली की 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेच. सावरल्यावर नीट जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट अॅम्ब्युलन्स. हे घरातल्या दुसऱ्या कुणालातरी माहीत असायलाच हवं.

दारूने हा धोका वाढतो. लिव्हर दारू निपटण्यात गुंतलं की नवी साखर तयार करायचं त्याचं काम मंदावतं, त्यामुळे साखर पडते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. इन्सुलिनवरच्या पेशंटने पिणारच असेल तर उपाशीपोटी नको आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. दारूचा हृदयाशी संबंधही सांगा: एरवी धडधाकट असलेल्या माणसांत जास्त पिण्यानंतर ठोके अनियमित होण्याच्या प्रकाराला 1978 साली डॉक्टर एटिंजर आणि सहकाऱ्यांनी 'हॉलिडे हार्ट' असं नावच दिलं. आणखी एक गट आपल्या नजरेतून सुटतो. रोज पिणारा माणूस सुट्टीत नातेवाइकांकडे जातो आणि तिथे लाजेने एकदम बंद करतो. पहिल्या दोन दिवसांत थरथर, घाम, प्रसंगी झटके, त्यानंतर भ्रम. म्हणून 'किती पिता' हा प्रश्न सुट्टीआधी सरळ, आवाज न चढवता विचारा, आणि रोजचं प्रमाण जास्त असेल तर एकदम बंद न करता आपल्या देखरेखीखाली कमी करायची योजना आखा.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटला एकच काम द्या: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन, आणि ते कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते चरबीचं नव्हे, पाण्याचं असतं, त्या दिवशीच फोन. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सुट्टीत पाळणं अवघड आहे, पण पाकिटातलं खारट आणि वरून भुरभुरलेलं मीठ टाळलं तरी बराच फरक पडतो. आणि दुखणीखुपणी वाढली की कुणीतरी पाहुणा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन देतो. ते हार्ट फेल्युअर, किडनी आणि बीपीच्या पेशंटला चालणार नाही. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी बीपी वाढतं, हेही कागदावर असू दे.

जुलाब-उलट्यांची सूचना वेगळी लिहून द्या. पाणी पोटात टिकत नसेल तर मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी-2 गटातल्या गोळ्या, पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या आणि बीपी-हृदयासाठीचे एसीई इनहिबिटर यांपैकी काय तात्पुरतं थांबवायचं, कधी परत सुरू करायचं, हे पेशंटगणिक आधीच ठरवलेलं असावं. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, हा साधा नियम यातले बरेच फोन वाचवतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात. औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, विमानाच्या सामानात नाही. इन्सुलिन गोठलं तर टाकून द्यायचं, बंद गाडीत उन्हात ठेवायचं नाही. चार तासांहून लांबचा प्रवास बसून केल्यावर पायात गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून उठणं, पोटऱ्या हलवणं, आणि ज्याला आधी गुठळी झाली आहे त्याने निघण्याआधी आपल्याशी बोलणं. दमेकऱ्याच्या इन्हेलरचा काउंटर तुम्ही स्वतः बघा. फ्लूची लस द्यायची असेल तर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणजे तीही याच आधीच्या व्हिजिटला.

वजनाबद्दल लोकांना फार अपराधी वाटतं, पण प्रत्यक्ष वाढ त्यांच्या समजुतीपेक्षा कमी असते. अमेरिकेत 195 प्रौढांवर केलेल्या, 2000 साली आलेल्या अभ्यासात सुट्टीच्या काळातली सरासरी वाढ 0.37 किलो होती. अडचण ही की ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही. 2018 मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 272 जणांवर एक साधा प्रयोग केला: काहींना आठवड्यातून निदान दोनदा वजन करायला, सोप्या सवयी पाळायला सांगितलं आणि अमुक पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याची माहिती दिली. बाकीच्यांच्या तुलनेत या गटाच्या वजनात जवळपास अर्ध्या किलोचा फायदा दिसला. एवढंच सांगायला पुरे आहे, पथ्याची तीन पानं छापू नका.

एकटेपणाकडे मात्र पुरेसा वेळ द्या. ज्यांच्या घरी गेल्या वर्षभरात कुणी गेलंय, जे नोकरी-शिक्षणापायी घरापासून दूर आहेत, आणि जे अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करतात, त्यांच्यासाठी हे दिवस जड जातात. सगळीकडे आनंद असताना आपल्याला तो वाटत नाही, हे ते कुणाजवळ बोलत नाहीत. दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश असतं का, आणि आवडीच्या गोष्टींतला रस गेलाय का. उत्तर 'हो' आलं तर जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हेही थेट विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट पुष्कळ जण त्या प्रश्नाने मोकळे होतात. अशा पेशंटला सुट्टीच्या मधल्या एका दिवशी फोन करायचं ठरवा आणि तो करा.

हे सगळं एकाच व्हिजिटमध्ये कसं बसवायचं? प्रत्येकासाठी नाहीच बसवायचं. रजिस्टर काढून इन्सुलिनवरचे, हार्ट फेल्युअरचे, रक्त पातळ करणारं औषध घेणारे, फिट्सचे, नुकतेच हॉस्पिटलमधून सुटलेले आणि एकटे राहणारे एवढेच वेगळे काढा. रिसेप्शनवरून त्यांना फोन जाऊ दे. बाकीच्यांना एक छोटा मेसेज पुरे: आपलं क्लिनिक कधी बंद, त्या काळात कुणाला दाखवायचं, औषधं आजच तपासा. आलेल्या पेशंटला एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच-सहा ओळी लिहून द्या आणि निघण्याआधी त्याला विचारा, 'घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?' तो जे सांगेल त्यावरून काय पोचलं आणि काय राहिलं ते लगेच कळतं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात एचबीए1सी करायची घाई नको. त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते आणि शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा, त्यामुळे आकडा वाढलेलाच येईल आणि तेवढ्यावरून औषध वाढवलंत तर दोन आठवड्यांत साखर पडायला लागेल. आधी गोळ्या आणि झोप रुळावर येऊ दे, घरच्या मीटरवरची रीडिंग बघा, मग ठरवा. आणि जो पेशंट ठरलेल्या तारखेला आला नाही त्याला रिसेप्शनवरून नव्हे, तुम्ही स्वतः फोन करा. बऱ्याचदा तो रागावणं चुकवण्यासाठीच येत नसतो, आणि त्यालाच तुमची सगळ्यात जास्त गरज असते.