पेशी चिकटल्या, पण रक्ताला चालतील का?

पीसीएल या पॉलिमरच्या इलेक्ट्रोस्पन (विजेच्या दाबाने ओढलेल्या अतिबारीक धाग्यांच्या) जाळीवर ह्युवेक, म्हणजे नाळेच्या शिरेतल्या अस्तराच्या पेशी टाकल्या, तिसऱ्या दिवशी एमटीटीचा, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा प्लेटच्या साध्या प्लास्टिकपेक्षा वर आला, तर ‘रक्तवाहिनीसाठी योग्य’ असं लिहू का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावर नका लिहू.

आधी सांगा, जाळी उचलून नव्या प्लेटमध्ये ठेवली आणि मग एमटीटी घातलं, की त्याच खणात? पीसीएल पाण्याला फटकून असतं. जाळी तरंगते, कडा उचलली जाते आणि पेशी खालून जाऊन तळाशी बसतात. माझे पीएचडीचे चार महिने यात गेले. आकडे झकास येत होते. एक दिवस जाळी चिमट्याने काढली आणि रिकामा खण सहज मायक्रोस्कोपखाली धरला, तर तळाला फरसबंदी केल्यासारखा अखंड थर! जाळीवर मात्र न्यूक्लियस रंगवून पाहिले तर इथे चार, तिथे चार. म्हणजे मी इतके दिवस प्लेट बनवणाऱ्या कंपनीचंच कौतुक मोजत होते.

समजा तुमच्या पेशी खरोखर जाळीवर आहेत. तरी त्यांची गाठ पॉलिमरशी पडलेलीच नसते. मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, जाळी बुडवली की सीरममधली प्रथिनं लगेच पृष्ठभागावर बसतात आणि पेशी धरतात ती त्या प्रथिनांना. फायब्रोनेक्टिनमधला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा पिअर्शबाकर आणि रुओस्लाती यांनी १९८४ साली दाखवला, तेव्हापासून जो उठतो तो आरजीडी लावतो. पण ती पकड प्लेटलेट्सनाही, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तकणांनाही, चालते. पेशींच्या मधे थोडा पृष्ठभाग उघडा राहिला, तर तिथे आपणच गुठळीला पाट मांडून दिलेला असतो. आरईडीव्ही या तुकड्यात लोकांना रस आहे तो यासाठीच: अस्तराच्या पेशी तो धरतात, प्लेटलेट्स नाही.

आता मुख्य मुद्दा. अस्तराची पेशी निवांत असली तर नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेट्सना लांब ठेवते. तीच बिथरली की टिश्यू फॅक्टर हे गुठळी सुरू करणारं प्रथिन वर काढते, ई-सिलेक्टिन आणि व्हीकॅम ही चिकटवणारी प्रथिनं मांडून पांढऱ्या पेशींना बोलावते. एमटीटीला दोन्ही सारख्याच, कारण दोन्ही जिवंत! तुम्हाला कळायला हवं ते पेशी किती आहेत यापेक्षा कशा मनःस्थितीत आहेत ते.

व्हीई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी सांधणारं प्रथिन रंगवा. पेशींच्या सीमांवर सलग, बारीक रेघ दिसली तर बरं. तुटक, करवतीसारखी दिसली तर थर गळका आहे. ई-सिलेक्टिन चार ते सहा तासांनी पाहा: नुसतं प्लास्टिक, प्लास्टिक अधिक टीएनएफ-अल्फा (पेशींना मुद्दाम बिथरवणारा दाहाचा रेणू), तुमची जाळी आणि जाळी अधिक टीएनएफ. हा चौथा खण बहुतेक जण गाळतात, पण टीएनएफ घालूनही ज्या पेशी हलत नाहीत त्या शांत नसतात, आजारी असतात. त्याआधी जाळीतलं एंडोटॉक्सिन तपासा, नाहीतर जिवाणूंच्या कचऱ्याचा राग पॉलिमरवर निघेल. आणि सहाव्या पॅसेजच्या (पेशी एका प्लेटमधून दुसरीत वाढवायला हलवण्याच्या फेरीच्या) पुढच्या पेशी वापरू नका.

मग प्रवाह. धमनीत भिंतीवर साधारण १० ते २० डाइन प्रति चौरस सेंटिमीटर इतकं घर्षण असतं. स्थिर प्लेटमध्ये छान बसलेला थर पंप लावल्यावर अर्ध्या तासात धुऊन गेलेला मी पाहिलाय. टिकला तर साधारण दिवसभरात पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात, ते बघायला मजा येते. हेरिंग यांनी १९७८ मध्ये ग्राफ्टवर, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम रक्तवाहिनीवर, पेशी पेरायची कल्पना मांडली. पुढे व्हिएन्नातल्या गटाने रुग्णाच्याच पेशींचा पूर्ण थर आधी बाहेर वाढवला आणि मग ग्राफ्ट बसवला, तेव्हा माणसांत चांगला निकाल आला. महाधमनीतली डॅक्रॉन या कृत्रिम कापडाची रुंद नळी पूर्ण अस्तराशिवायही वर्षानुवर्षे चालते. खरी अडचण ६ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांची, आणि तुमची जाळी त्यांच्यासाठीच असणार.

तोवर ‘पेशींना विषारी आढळली नाही’ एवढंच लिहा, तेही नव्या प्लेटमध्ये आकडा पुन्हा घेतल्यावर. पीसीएल विरघळवायला सॉल्व्हंट कोणता वापरला आणि जाळी किती दिवस व्हॅक्यूममध्ये ठेवली, ते मात्र कळवा. क्लोरोफॉर्म असेल तर मला आणखी दोन शंका आहेत.