विचारा बिनधास्त : झुडपी जंगलात पोट्ट्यांना शिकवायचं तरी काय?

प्रश्न : ताई, आमच्या गावाला लागून झुडपी जंगल आहे, एक बोडी (छोटं तळं) पण आहे. पोट्टे दिवसभर मोबाईलवर, साधी झाडांची नावं येत नाहीत. दर रविवारी त्यांना तिथं न्यायचं आम्ही ठरवलंय, पण आम्ही काही शिकलेले नाही, शिकवणार काय? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : दादा, शिकलेले नाही असं म्हणूच नका, मोहा कधी गळतो हे तुम्हाला माहीत आहे ना? मग तिथूनच सुरू करा. मार्च-एप्रिलात पहाटेच न्या, फुलं टपटप पडत असतात, एक हातात द्या, पिवळसर, गुबगुबीत, दाबलं की बोटं चिकट होतात, चाखू पण द्या. मग झाडाखालचा पालापाचोळा आपण वेचायला सोपं जावं म्हणून जाळतो आणि तीच आग पसरून जंगल पेटतं हे तिथंच दाखवा, जाळण्याऐवजी खाली जुनी साडी अंथरून बघा, हा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

गावातल्या म्हाताऱ्या बायांना सोबत घ्याच, रानभाज्या त्यांनाच ओळखू येतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात लोक अभ्यासगट करून एकत्र शिकले, 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची माहिती लिहिलेली वही, असते, ती ग्रामपंचायतीत मागा, पोट्ट्यांनी पाहिलेलं त्यात आहे का ते ताडून बघा.

बोडीवर मात्र मोठं माणूस सोबत हवंच.