ड्राइव्ह गेला हे खरं, पण लेखी कधी कळवलंत?

शिरोली एमआयडीसीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा, स्पिंडल ड्राइव्ह (मुख्य मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) गेला, मॉडेल कंपनीने बंद केलेलं, नवा कुठे मिळेना. म्हणून पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्या लघुउद्योगाकडून रिकंडिशन केलेला ड्राइव्ह 1,85,000 रुपयांना घेतला. तो 4 नोव्हेंबरला पोचला, 9 तारखेला बसवला आणि 12 ला ओव्हरकरंटचा (जादा करंटचा) अलार्म देऊन मशीन ठप्प. यांनी पैसे अडवले. आता पुरवठादाराने एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज केलाय आणि यांना नोटीस आली आहे. "खराब मालाचे पैसे मी का द्यायचे?" असं ते विचारतात. अशी पत्रं बरीच येतात. कधी सर्व्हो मोटर असते, कधी पीएलसीचं (मशीनच्या कंट्रोलरचं) कार्ड, गोष्ट तीच.

मालक, खराब मालाचे पूर्ण पैसे का द्यायचे, हा प्रश्न बरोबरच आहे. पण कौन्सिल आधी वेगळंच विचारणार: माल खराब आहे हे लेखी कधी कळवलंत? तुमचं पत्र मी त्यासाठी दोनदा वाचलं. "फोनवर लगेच सांगितलं", "ते म्हणाले पॅरामीटर बघून घ्या", "नंतर मेल टाकला". हे नंतर म्हणजे 21 डिसेंबर.

एमएसएमईडी कायदा, 2006 च्या कलम 2(ब) मध्ये अख्खं प्रकरण अडकलंय. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. हरकत घेतली असेल, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा. दिवस मोजायचे ते ड्राइव्ह पॅनेलमध्ये बसवल्यापासून नव्हे, माल दारात उतरल्यापासून. म्हणजे तुमची मुदत 19 नोव्हेंबरला संपली. ऑर्डरमध्ये बसवून चालू करून देण्याचं कामही त्यांच्याकडेच असेल, तर सेवा 9 तारखेला पूर्ण झाली असा युक्तिवाद करता येईल. टिकेलच असं मी म्हणत नाही, आणि टिकला तरी 21 डिसेंबरचा मेल उशिराचाच.

ही तारीख चुकण्याची किंमत मोठी आहे. उधारीची मुदत करारात कितीही लिहा, 45 दिवसांपुढे ती चालत नाही. त्यानंतर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट 6 टक्के धरला तरी 18 टक्के, म्हणजे तुमच्या बिलावर वर्षाला 36,000 च्या आसपास. कौन्सिलने 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. ते 90 दिवस कसे ताणले जातात हे मी पाहिलंय, आणि व्याजाचं मीटर तुमच्यावर चालू असतं. निकाल विरुद्ध गेला तर आव्हान देण्याआधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून नोटीस टेबलच्या खणात ठेवू नका. ती तिथेच पडून आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतंय.

आता आशेची जागा. पत्राच्या तळाशी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की ऑपरेटरने "त्याच सुमारास" अलार्मचा फोटो पुरवठादाराला व्हॉट्सॲप केला होता. साहेब, हे पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं! फोटो 19 नोव्हेंबरच्या आत गेला असेल आणि त्याखाली "तुमचा ड्राइव्ह ट्रिप होतोय" एवढी एक ओळ जरी असेल, तर ती लेखी हरकत आहे असं मी ठामपणे मांडेन; इलेक्ट्रॉनिक मजकूर लेखी धरण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे. नुसता फोटो असेल तर बाजू कमकुवत, पण समोरून "पाहतो, माणूस पाठवतो" असं उत्तर आलं असेल तर पुन्हा बळकट. त्या चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. त्यावर ज्याचा फोन त्याची सही आणि तज्ज्ञाचीही.

फोटो उशिराचा निघाला तरी सगळं बुडत नाही. माल परत करायचा हक्क बहुधा गेला, पण मालविक्री कायद्याच्या कलम 59 खाली किंमत कमी करून मागता येते, आणि कौन्सिलच्या लवादात प्रतिदावा चालतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलंय. मात्र दोष ड्राइव्हचाच होता हे दाखवावं लागेल. पुरवठादार म्हणणार, तुमच्या मोटरचं वाइंडिंगच अर्थ झालं होतं (करंट बॉडीत गळत होता), अर्थिंग खराब होतं. मोटरचं मेगर रीडिंग (इन्सुलेशनची तपासणी), तिन्ही फेजचं व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नाही. उलट उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून सील फोडून ड्राइव्ह उघडलात. आता निदान त्याला कोणी हात लावू नका. सीरियल नंबरचा फोटो काढा आणि आहे तसा बांधून ठेवा.

पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणीचा दाखला, मागवा. नोंदणी तुमच्या ऑर्डरनंतरची असेल किंवा फक्त ट्रेडिंगची असेल, तर या कायद्याचा आधार त्यांना घेता येत नाही, ही पहिली हरकत उत्तरात घ्या.

ग्राहक मंचाचं विचारलंत. व्यवसायासाठी घेतलेल्या मालाला तो रस्ता सहसा बंद. स्वतःच्या उपजीविकेचा अपवाद आहे, पण तुमच्याकडे दोन पाळ्यांत कामगार आहेत. आणि हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून थेट तिथे जाता येईल, हेही डोक्यातून काढा.

तो ऑपरेटर काम सोडून गेलाय म्हणता. गोकुळ शिरगावलाच आहे ना? आज पाळी सुटायच्या वेळेला गेटवर गाठा, आणि फोन बदलला नाहीस ना, हे आधी विचारा.