सरांची गलबते आणि मुलाची चार पाने

देवगड तालुक्यातील एक आंबा बागायतदार लिहितात : "मुंबईच्या एका कला महाविद्यालयातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले सर आमच्या वाडीत येऊन राहिले होते. रविवारी मुलांना चित्रकला शिकवायचे, एरवी पडवीत बसून लाकडाची लहान लहान गलबते करायचे. गेल्या महिन्यात ते वारले. माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, गणित घेतलेले आहे. तो आता म्हणतो की मला सरांसारखे व्हायचे आहे. शोकसभेत वाचण्यासाठी त्याने लिहिलेली चार पाने सोबत पाठवतो. सरांसारखे आयुष्य आज मिळते का?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या चार पानांतच अधिक सापडले, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो. मुलाने लिहिले आहे की पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची मापे घ्यायला सर सुतळी आणि फूटपट्टी घेऊन जात, आणि फळी नेमकी कुठून वाकवली आहे हे म्हाताऱ्या सुतारांना विचारून वहीत टिपून घेत. वीस फुटांची होडी ते एका फुटात बसवत. उलांडीचे, म्हणजे तोल राखण्यासाठी होडीच्या बाजूला जोडलेल्या ओंडक्याचे, अंतर चुकले म्हणून त्यांनी एक पूर्ण होडी मोडली. पातेमारी या जुन्या शिडाच्या मालवाहू गलबताची डोलकाठी पुढच्या बाजूला झुकलेली असते, ती आपल्या हातून सरळ उभी राहिली आहे, हे लक्षात आल्यावर रंग दिलेले गलबत त्यांनी पुन्हा उघडले. विजयदुर्गाजवळ मराठा आरमाराच्या जुन्या गोदीचे अवशेष आहेत, तेथे ते मुलाला घेऊन गेले आणि अर्धा दिवस फक्त मोजमापे घेत बसले. सरांच्या चित्रांविषयी मात्र या चार पानांत एकच वाक्य आहे : "सर समुद्राची चित्रेही छान काढायचे."

त्या 'ही'पाशी मी थांबलो. ज्या माणसाने जन्मभर चित्रकला शिकवली, त्याच्या आठवणींत मुलाला चित्रे आठवत नाहीत, जोड आणि मापे आठवतात. सरांवरील प्रेमापोटी तो चित्रकार व्हायचे म्हणत असेल, पण त्याची नजर वस्तू कशी उभी राहते याकडे आहे, असा माझा अंदाज आहे.

आता आपला प्रश्न. सरांचे आयुष्य आपण पाहिले ते शेवटच्या टप्प्यातले. पडवीतली ती निवांत दुपार अनेक वर्षांच्या नियमित पगारावर आणि नंतरच्या निवृत्तिवेतनावर उभी होती. तारकर्लीच्या एका हॉटेलमालकाने गलबते विकत मागितली तेव्हा सरांनी नकार दिला, असे मुलगा अभिमानाने लिहितो. तो नकार मलाही आवडला, परंतु तो त्यांना परवडत होता हे आपण दोघांनी तरी विसरू नये. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी व अनुदानित सेवेत आलेल्यांना साधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही, आणि महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे अनेक जण आहेत. कोकणातून मुंबईला जाऊन चित्रकला शिकायची आणि पुढे तेथेच शिकवायचे, ही वाट एके काळी मळलेली होती. समुद्राच्या जलरंगचित्रांसाठी ओळखले गेलेले आणि जे. जे. स्कूलचे अधिष्ठाता झालेले प्र. अ. धोंड याच किनाऱ्यावरचे. ती वाट बंद झालेली नाही, पण तिच्या शेवटी कायमची नोकरी असेलच असे मी आपल्याला सांगू शकत नाही.

तरीही मुलाला कलाशिक्षणच हवे असेल तर चार वर्षांची बी.एफ.ए. ही ललित कलेची पदवी, मग एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी आणि महाविद्यालयात शिकवायचे असल्यास दृश्यकला विषयातील नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, असा क्रम आहे. घराजवळ राहायचे तर सावर्डे आणि देवरुख येथे कला महाविद्यालये आहेत. तेथे एकदा जाऊन विद्यार्थ्यांचे काम प्रत्यक्ष पाहून या.

माझा कल मात्र दुसऱ्या दोन वाटांकडे आहे. पहिली डिझाइनची. काही आयआयटींमधील बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा मुंबई आयआयटी घेते. ती साधारण जानेवारीत असते, बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते आणि तीत चित्र काढण्याचा भागही असतो. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू घडवून दाखवावी लागते, आणि सरांच्या पडवीत या मुलाने नकळत तीच तयारी केलेली आहे. दुसरी वाट जहाजबांधणी अभियांत्रिकीची. खरगपूर आणि मद्रास आयआयटी, भारतीय सागरी विद्यापीठाचे विशाखापट्टणम केंद्र आणि कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ येथे हा विषय शिकवला जातो. या शिक्षणात लाकूड आणि रंधा फारसा नाही, गणित आणि द्रवगतिशास्त्र पुष्कळ आहे. नुसत्या आवडीवर निभेल असा हा अभ्यासक्रम नव्हे. आपण पत्रात मुलाचे गणिताचे गुण लिहिलेले नाहीत. ते कळवा, त्यावर बरेच अवलंबून आहे.

"चित्रकला छंद म्हणून ठेव" हे वाक्य घरात एव्हाना उच्चारले गेले असेल, असा माझा तर्क आहे. सरांसाठी छंद म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता. रंग दिलेले गलबत एका डोलकाठीसाठी उघडणारा माणूस वर्गातही चुकीची रेघ सोडत नसणार. मुलाला ते वाक्य ऐकवताना एवढे ध्यानात असू द्या.

शेवटी सरांच्या हातून अर्धवट राहिलेल्या पातेमारीविषयी, जी पूर्ण करण्याची इच्छा मुलाने चौथ्या पानावर लिहिली आहे. सरांच्या घरच्यांची संमती असेल तर ती त्याने जरूर पूर्ण करावी. मात्र तिला हात लावण्यापूर्वी ती आज आहे तशी मोजून वरून, बाजूने आणि मधोमध कापल्यास दिसेल तशी कागदावर प्रमाणात रेखाटावी, आणि सरांचे काम कुठे थांबले व आपले कुठून सुरू झाले ते त्या कागदावर तारखेसह लिहावे. सरांच्या वहीतील मापांची पानेही घरच्यांकडून मागून त्यांच्या छायाप्रती काढून ठेवा. हे कागद झाले की मला पाठवा. पुढचे पत्र मी मुलालाच लिहीन.